थोरला आत आहे

क्लोतिल्देचा नववा दिवस उजाडला तेव्हा घरात तिच्याबद्दल कुणालाच काळजी नव्हती. ती सुटली होती. दुपारी तोमासिना येऊन शेवटची जपमाळ सांगणार, मग वेदी उचलायची, मेणबत्त्या विझवायच्या, दार सताड उघडायचं, की बाई आपल्या वाटेनं जायला मोकळी. काळजी होती ती मागच्या खोलीतल्या जिवंत माणसाची.

मिरेया मावशी स्वयंपाकघराच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नारळाच्या दुधातला तुरीचा भात, बोकडाचं मटण आणि कसावाची भाकरी, एवढं तरी हवंच. शेवटच्या दिवशी अख्खं तेनारेस गाव जेवायला येतं आणि हात पुसता पुसता नावंही ठेवून जातं. तिचे हात शेंगांवर चालले होते, पण डोळे अंगणापलीकडच्या निळ्या दारावर होते. दाराबाहेर क्लोतिल्देची मुलगी नुरीस उभी होती. हातात ताट, त्यात कुस्करलेली कच्ची केळी, तळलेलं चीज, अंडं, आणि शेजारी छोट्या कपात दोन गोळ्या.

आतून आवाज आला, झोपेनं जड झालेला. "आशीर्वाद, आई."

नुरीसनं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"आशीर्वाद, आई," परत तेच. आणि मग वाट बघणं. दारापलीकडचं ते वाट बघणं मिरेयाला इथवर ऐकू येत होतं.

"एलिहियो," नुरीस म्हणाली. तोच आवाज, जो रोज चार वाजता रेडिओवरून सगळ्या देशाला ऐकू येतो, शांत, कुठंही घाई नाही. "मी नुरीस. आई गेली रे. तुला राग येत असेल, भीती वाटत असेल. ते साहजिक आहे. आपण त्याच्याबद्दल बोलू शकतो."

आत काहीच हललं नाही. मग काय वाटलं कोण जाणे, नुरीस दाराला अगदी तोंड लावून हळूच म्हणाली, "देव तुझं भलं करो."

दारावर आतून असा दणका बसला की ताटातलं अंडं घरंगळलं.

"तू कोण देणार?" एलिहियो ओरडला. "कालची पोर! चर्चमधे मी तुला धरलं होतं. मी!"

नुरीस ताट घेऊन परत आली. ओट्यावर ठेवलं आणि उभीच राहिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं.

"नऊ दिवस झाले गोळ्या नाहीत त्याच्या पोटात," ती म्हणाली. "रात्री उठून झाडाखालचे आंबे खातो, माठातलं पाणी पितो, बस्स. काल त्याच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच गेले तर आजार पुन्हा पहिल्यासारखा उसळेल. मावशी, हा नकार आहे. शोकात माणूस आधी—"

"नकार नाही, काही नाही," मिरेयानं तिला तोडलं. "तुझी पुस्तकं ठेव गं बाजूला. सदतीस वर्षं हेच चाललंय. सकाळी क्लोती ताट घेऊन दारात उभी राहायची. तो आतून आशीर्वाद मागायचा, ती द्यायची, मग कडी निघायची. त्याशिवाय त्यानं कधी घास घेतला नाही. आता तो मागतोय आणि द्यायला कुणी नाही. एवढंच आहे."

एवढंच होतं खरं. आमच्याकडे थोरांचा आशीर्वाद मागितल्याशिवाय कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही, फोन ठेवत नाही. लहानानं मागायचा, थोरानं द्यायचा. न मागता दिलेला लागत नाही, आणि लहानानं थोराला दिला तर ती थट्टाच झाली.

"मग तू दे ना, मावशी. तू आईची सख्खी बहीण. तुझ्याहून थोर आता कोण राहिलंय?"

मिरेयाचे हात थांबले. "माझ्याकडे तो मागत नाही."

का मागत नाही ते दोघींनाही ठाऊक होतं. एलिहियो पंचविशीत असताना भर दुपारी रस्त्यात उभा राहून गटारांना उपदेश करायला लागला, आईच्या अंगावर खुर्ची घेऊन धावला, तेव्हा कोकोच्या वखारीतले चार गडी मिरेयानंच बोलावून आणले होते. आजही तशी वेळ आली तर ती बोलावील. क्लोती मेली असती त्या दिवशी. पण ज्या दोरानं त्याला बांधलं तो दोर मिरेयाच्या घरातला होता, आणि गाठ घट्ट बसत नव्हती तेव्हा तिनं आपल्या हातानं आवळली होती. तो तिच्याकडे बघत होता. त्या दिवसापासून त्यानं तिला कधी मावशी म्हटलं नाही, ना आशीर्वाद मागितला. क्लोतीच्या घरापासून दोन घरांवर राहून मिरेयानं हे सगळं पोटात ठेवलं. दुखायचं, रोज दुखायचं. कुणाला सांगणार?

तिनं परत शेंगा उचलल्या.

*

मधला भाऊ रादामेस अंगणातून आत आला तो बुटांचा चिखल झटकत. न्यूयॉर्कचे बूट, तेनारेसचा चिखल. ब्राँक्समधे टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला पायाखाली माती लागायची सवय राहत नाही.

"झालं ना? नाही ना उघडलं?" त्यानं ताटाकडे बघून विचारलं. "मी सांगितलं होतं. उद्या सकाळी गाडी येतेय. सान्तियागोच्या पुढं सिस्टरांनी अशा माणसांसाठी चालवलेलं घर आहे, मी जाऊन बघून आलोय. स्वच्छ आहे. अंगणात झाडं आहेत. दुपारी माझं विमान. त्याला पोचवतो आणि जातो."

"पोचवतो?" नुरीस म्हणाली. "पार्सल आहे का तो?"

"मग तू ने ना! तू ने. राजधानीत नवव्या मजल्यावर राहतेस. लिफ्ट आहे, वॉचमन आहे."

"माझ्या घरी पेशंट येतात, रादामेस."

"आणि तो कोण आहे मग?"

नुरीस ताटातली केळी चमच्यानं सारखी करायला लागली. तिला अडलेलं रादामेसनं पहिल्यांदाच बघितलं, आणि त्याला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही.

तो काही वाईट माणूस नव्हता. लहानपणी तो आणि एलिहियो एकाच खाटेवर झोपायचे. नदीत पोहायला त्याला एलिहियोनंच शिकवलं, पोटाखाली हात धरून, आणि कधी हात काढला ते कळूही दिलं नाही. तिकडे टॅक्सीत आपल्याकडची माणसं बसली, फोनवर नुरीसचा कार्यक्रम लावला, की रादामेसची छाती फुगायची. "ही माझी बहीण हो!" सासू-सुनांची भांडणं, दारुडे नवरे, रुसलेल्या बायका, सगळ्यांना ती वाटेवर आणायची. मग मनाच्या आजाराबद्दल बोलायला लागली. मंत्र्यांना भेटली, शाळाशाळांतून फिरली, लाज सोडा म्हणाली, माणसांना कोंडून ठेवू नका म्हणाली. बायका टॅक्सीत डोळे पुसायच्या. पण मधेच कधी ती हसून म्हणायची, "आम्ही दोघं भावंडं, माझा भाऊ न्यूयॉर्कला असतो," आणि रादामेस आवाज बारीक करायचा. का करतोस म्हणून कुणी विचारलं तर सिग्नलकडे बोट दाखवायचा.

आज त्याला ते सगळं ओकून टाकावंसं वाटलं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," तो म्हणाला, "आपण कोरडे पाषाण! आणि तुझं ते रेडिओवरचं वाक्य? 'घरात ज्याचं नाव घेत नाहीत, त्याला विचारा घर कसं आहे.' माझ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे ते. जा, विचार त्याला. निळं दार आहे, दिसतंय ना?"

"तू काय केलंस? तीस वर्षं तिकडे बसून—"

"हे छप्पर घातलं! हे पत्रे! हा पंखा त्याच्या खोलीत!"

"पत्रे," नुरीस म्हणाली. "हो. पत्रे घातलेस खरे."

"हळू बोला," मिरेया दबक्या आवाजात खेकसली. "क्लोतीनं जन्मभर झाकली मूठ ठेवली, तुम्ही आज तिच्या नवव्याला भर बाजारात उघडा. शेजारची बेल्कीस येऊन बसलीय ओसरीत, तिचे कान सशाचे आहेत."

बाहेर झुलत्या खुर्चीचा करकर आवाज येत होता, तो थांबला. बेल्कीस ऐकत असणार, दुसरं काय.

"आणि तुला एक सांगते, नुरीस," मिरेया म्हणाली. तिला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून आलं. "तू त्याला नाव गाव सांगत होतीस मघाशी, मी नुरीस, मी नुरीस म्हणून. त्याला तुझा आवाज ओळखायला सांगावं लागत नाही. क्लोती रोज चारला रेडिओ लावून द्यायची त्याच्या फळीवर. चर्चमधे मिस्सेला बसावं तसा ताठ बसायचा. जाहिराती लागल्या तरी हलायचा नाही."

नुरीसनं ओट्याला हात टेकला. "रोज?"

"रोज गं. रविवारी तुझा कार्यक्रम नसतो तर चिडायचा."

"मग त्यानं ते ऐकलं असेल. आम्ही दोघं—"

"बहिरा नाहीये तो," रादामेस म्हणाला. पण आता त्याच्या आवाजात धार नव्हती.

"आईनंच सांगितलं होतं," नुरीस म्हणाली, कुणाकडेही न बघता. "पहिल्यांदा टीव्हीवर बोलावलं तेव्हा. म्हणाली, त्याचं नाव काढू नकोस पोरी, लोक म्हणतील वेड्याची बहीण वेड्यांची डॉक्टर झाली, तुझ्याकडे कोण येईल? मी म्हटलं, बरं. एकदाच म्हणायचं होतं ते. मग पुढच्या वेळी कुणी विचारलं, तेव्हा तेच परत."

"माहितेय," मिरेया म्हणाली. "ती पण ऐकत बसायची त्याच्याशेजारी. तू दोघं म्हणालीस की उठून भांडी घासायला जायची."

रादामेस पुढं झाला, ताटातून ओट्यावर घरंगळलेलं अंडं उचललं, धुतलं आणि परत ताटात ठेवलं. कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

*

तीनच्या सुमाराला घर भरलं. ओसरीत, बैठकीत, अंगणातल्या लिंबाखाली, मिळेल तिथं माणसं. आल्याचा चहा, कॉफी, चीज लावलेली बिस्किटं फिरत होती. नुरीस काळ्या कपड्यांत दारात उभी राहून गालाला गाल लावत होती आणि प्रत्येकजण तिला जरा जास्तच वेळ धरून ठेवत होता. डॉक्टरबाई, डॉक्टरबाई. रेडिओवर तुमचा आवाज जाड वाटतो, प्रत्यक्षात किती नाजूक!

बेल्कीसनं तिला कोपऱ्यात गाठलंच. "ही वेळ नाही म्हणा, पण तुम्ही परत कधी भेटणार? आमचे हे कार्निवलपासून माझ्याशी बोलत नाहीत. खाणं, झोपणं सगळं होतं, बोलणं नाही. काय करू?"

"तुम्ही बोलता?"

"मी कशाला बोलू? मी काय केलंय?"

"मग तुम्हीच आधी बोला," नुरीस म्हणाली. "कुणीतरी आधी बोलावंच लागतं. ज्याला जास्त दुखतंय त्यानं."

हे ती हजारदा बोलली होती. आज मात्र ते वाक्य कुणी तिलाच ऐकवल्यासारखं वाटलं.

"खरंय बाई, खरंय," बेल्कीस म्हणाली आणि कॉफीचा घोट घेतला. "तुमचं बरंय. तुम्ही आपली दोघंच भावंडं, आईनं कसं छान मार्गी लावलं." असं म्हणताना तिचे डोळे अंगणापलीकडे गेले आणि चटकन परत आले. तिला ठाऊक होतं. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लहानपणी बेल्कीसचे भाऊ त्या निळ्या दारावर खडे मारायचे. पण गावात काय ठाऊक असून नसल्यासारखं करायचं, हे आम्हांला आईच्या दुधाबरोबर मिळतं, आणि त्यालाच आम्ही माणुसकी म्हणतो.

नुरीस हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फक्त बेल्कीसच्या हातातला रिकामा कप घेतला.

तोमासिनानं जपमाळ सुरू केली. ऐंशीच्या घरातली बाई, पण आवाज अजून ठणठणीत. बैठकीतल्या टेबलावर पांढरी चादर, वर क्रूस, क्लोतिल्देचा फोटो, पाण्याचा पेला, जर्बेराची फुलं आणि मेणबत्त्या. 'तिला चिरंतन विश्रांती दे' म्हणून तोमासिना म्हणायची आणि सगळं घर मागून म्हणायचं. नुरीसचे ओठ हलत होते. तिच्या मनात मात्र एक भलतीच गोष्ट चालली होती, आईनं पन्नासदा सांगितलेली. नुरीसच्या बाप्तिस्म्याला राफेलकाका धर्मबाप होणार होता. पण नदीला पूर आला आणि काका पलीकडेच अडकला. फादर घड्याळ बघायला लागले. तेव्हा पंधरा वर्षांचा एलिहियो बापाचे बूट घालून, पुढं कागद कोंबून, उभा राहिला आणि बाळाला हातावर घेतलं. फादरांनी विचारलं, या मुलीची जबाबदारी घेतोस का? तो एरवी अडखळत बोलायचा. पण त्या दिवशी इतक्या मोठ्यानं होय म्हणाला की बाळ रडायला लागलं.

म्हणून तो तिचा नुसता भाऊ नव्हता, पाद्रिनो होता, धर्मबाप. बोलायला लागल्यापासून शाळेला जाताना ती रोज त्याच्यापुढं थांबायची, आशीर्वाद मागायची, आणि तो डोक्यावर हात ठेवून द्यायचा. मग ती दहा वर्षांची असताना ते चार गडी आले. तिला शेजारी पाठवलं होतं. परत आली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, आणि काही महिन्यांनी तो इस्पितळातून परत आला तो थेट मागच्या खोलीत. आता पाद्रिनोकडे जा, आशीर्वाद माग, असं तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. भीती वाटायची तिला. आजही वाटत होती. देशभर फिरून भिऊ नका म्हणून सांगणारी ही बाई भावाच्या दाराशी उभी राहिली की कडी हलली तरी मागं सरायची, आणि हे तिनं आजवर कुणालाच कळू दिलं नव्हतं.

जपमाळ संपली. तोमासिनानं माळ मनगटाला गुंडाळली. आता वेदी उचलायची. आमच्याकडे मेलेल्याच्या मुलांनी ओळीनं येऊन एकेक मेणबत्ती विझवायची असते, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. क्रम चुकला तर जाणारा दारात अडखळतो म्हणतात.

"थोरल्यानं पुढं यावं," तोमासिना म्हणाली.

रादामेस उठला. कोट सारखा केला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, खोकत होते. तोमासिनाही खाली बघत होती. या घरातल्या तिन्ही पोरांना तिनं लहानपणी ओव्यांसारख्या प्रार्थना शिकवल्या होत्या, पण थोरल्याला नावानं बोलवायला तिची जीभ उचलेना.

रादामेस दोन पावलं गेला आणि थांबला. पुढं जाववेना. त्यानं मागं वळून बहिणीकडे बघितलं. आता त्याला तिला हरवायचं नव्हतं. तो तिला विनवत होता.

"थोरला आत आहे," नुरीस म्हणाली.

तो रेडिओवरचा आवाज नव्हता. चिरका, फाटका, गावठी आवाज होता. "आम्ही तिघं आहोत," ती म्हणाली. "थोरला आत आहे. तो आल्याशिवाय वेदी उचलायची नाही."

मिरेया म्हणाली, "पोरी, तो उघडणार नाही."

नुरीसनं तोवर ताट भरायला घेतलं होतं. तुरीचा भात, मटण, वर कसावाची एक भाकरी. कपात गोळ्या. ती अंगणात उतरली आणि मागोमाग हळूहळू सगळे खिडक्यांशी, दाराशी, ओसरीच्या कठड्याशी जमले. झाकली मूठ उघडली होती, आता बघायला काय हरकत.

ती निळ्या दाराशी उभी राहिली.

"आशीर्वाद, पाद्रिनो," ती म्हणाली.

काही नाही. कोंबडी तेवढी कुठंतरी ओरडत होती.

"आशीर्वाद, पाद्रिनो. मी मागतेय. सदतीस वर्षं मागितला नाही, मला माहितेय. आज मागतेय."

खोलीत खाट करकरली. पावलं दारापाशी आली. आणि मग परत तेच वाट बघणं, फक्त या वेळी दाराच्या या बाजूनं. नुरीसला तेव्हा कळलं ते वाट बघणं काय असतं. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"देव—" आतून आवाज आला आणि अडखळला. इतकी वर्षं त्याला फक्त मागायचं माहीत होतं. "देव तुझं भलं करो, पोरी."

कडी निघाली.

बासष्ट वर्षांचा माणूस उजेडात डोळे बारीक करून उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, पाय अनवाणी. गावातल्या कित्येकांनी त्याला पहिल्यांदाच बघितलं आणि कित्येकांनी ओळखलं. बेल्कीसनं तोंडावर हात ठेवला. एलिहियोनं नुरीसच्या हातातलं ताट घेतलं नाही. आधी डोक्यावर हात ठेवला तिच्या, क्षणभर, गरम तवा आहे की काय असा जपून, आणि काढून घेतला.

"आईला निरोप द्यायचाय," नुरीस म्हणाली. "थोरल्यानं आधी."

"ठाऊक आहे मला क्रम," तो म्हणाला.

तो अंगणातून चालत आला तशी माणसं बाजूला झाली. रादामेसनं त्याच्यासाठी वाट सोडली आणि जाता जाता त्याच्या पाठीवर हात टेकवला, नुसता, खालून, पोहायला शिकवताना टेकवतात तसा. एलिहियो वेदीपुढं उभा राहिला. मेणबत्ती विझवायला वाकला आणि थांबला. फोटोकडे बघून म्हणाला, "आशीर्वाद, आई."

याचं काय करायचं हे कुठल्या डॉक्टरला, कुठल्या फादरला माहीत असणार? तो वाट बघत होता. नुरीसला वाटलं, आता हा परत जाणार, कडी लावणार, संपलं.

"देव तुझं भलं करो, बाळा."

मिरेया होती. फोटोच्या अगदी शेजारी उभी, भिंतीला धरून. दोघी बहिणींचे आवाज तरुणपणी इतके सारखे होते की त्यांचा बाप फसायचा.

एलिहियोनं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तुझ्याकडं नाही मागितला मी," तो म्हणाला.

"माहितेय मला. तिच्या वतीनं दिला. तिला आता बोलता येत नाही." मिरेयानं फोटोच्या चौकटीवर हात ठेवला. "माझा तू घेऊ नकोस. तिचा तेवढा घे."

त्यानं विचार केला. तिच्या हातांकडे बघितलं, त्या हातांची तिला लाज वाटली आणि तिनं ते आपल्या काळ्या शालीत लपवले. मग तो वाकला आणि फुंकर घातली. रादामेसनं दुसरी विझवली, नुरीसनं तिसरी. दार सताड उघडलं गेलं. तोमासिना मोठ्यानं रडली, आणि तिच्या आडून सगळ्यांना रडून घेता आलं.

*

माणसं जेवून पांगली तेव्हा उन्हं उतरली होती. एलिहियो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जेवत होता. या टेबलाशी तो इतक्या वर्षांत बसला नव्हता. गोळ्या त्यानं नुरीसच्या देखत गिळल्या आणि जीभ दाखवली, आईला दाखवायचा तशी. मिरेया ओट्याशी पाठमोरी भांडी घासत होती. रादामेस बाहेर फोनवर बोलत होता, उद्याची गाडी नको म्हणून सांगत होता, नंतर बघू म्हणत होता.

नुरीसच्या पर्समधला फोन मघापासून थरथरत होता. रेडिओवाले असणार. उद्यापासून कार्यक्रम परत सुरू व्हायचा होता.

"चार वाजून गेले," एलिहियो म्हणाला.

"हो. आज कार्यक्रम नाही. मी इथं आहे ना."

"तू दोघं म्हणायचीस." त्यानं भाताचा घास घेतला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मी मोजायचो. आई म्हणायची, तिला घाई असते म्हणून एक राहतो."

नुरीसनं मान खाली घातली. मिरेयाच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"उद्या सकाळी दारात कोण येणार?" त्यानं विचारलं.

"मी येणार. मी मागीन, तू दे."

"आणि परवा?"

नवव्या मजल्यावरचं घर, सोमवारचे पेशंट, स्टुडिओतली काच, हे सगळं नुरीसच्या डोळ्यांपुढून गेलं. पर्समधला फोन अजून थरथरत होता. ती तिथून हलली नाही.

"परवाही मीच," ती म्हणाली. "रोज मीच, पाद्रिनो."

मिरेयानं ते ऐकलं आणि तिला पटलं. दारात येऊन थांबलेल्या रादामेसलाही पटलं. ते दोघं नुरीसला जन्मापासून ओळखत होते, ती असं खोटं बोलत नाही. एलिहियो मात्र इतकी वर्षं तिला फक्त रेडिओवरून ओळखत होता. त्यानं शहाण्यासारखी मान हलवली, कसावाची उरलेली अर्धी भाकरी कागदात गुंडाळली आणि परवासाठी शर्टाच्या खिशात ठेवली.